भिवराआक्काच्या कमरेची गाठ

एका गावात एक पाटील नव्हता.

मेला नव्हता की पळून गेला नव्हता. गावानं ठेवलाच नव्हता. गावाचं नाव दोरखेड. नदीच्या काठी, अंबाडीच्या शेतांमध्ये वसलेलं. गावात झाडून सगळे दोरखंड वळणारे. नावेचे जाड दोर, मोटेचे नाडे, बैलांचे कासरे, सगळं इथलंच. परगावचा माणूस विचारायचा, "तुमचा पाटील कोण हो?" दोरखेडची माणसं छाती फुगवून सांगायची, "आमचे आम्हीच!" ही फुशारकी त्यांना पुढे भोवली नसती, तर ही गोष्ट सांगायचं काही कारणच नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी गावाची एक सामाईक पेटी होती आणि तिची चावी धोंडजी नावाच्या एका सज्जन माणसाकडे असायची. एका वर्षी दुष्काळ पडला. गाव म्हणालं, "धोंडजी, कुणाला किती द्यायचं ते आता तूच ठरव. दुष्काळ सरेपर्यंत आम्ही तुला विचारणार नाही." धोंडजीनं नीट वाटलं. दुष्काळ सरला. गावानं चावी मागितली नाही आणि धोंडजीनं दिली नाही. मग गावानं मागितली, तर तो म्हणाला, "अजून थोडे दिवस." ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. शेवटी काठ्या घेऊन माणसं त्याच्या दारात गेली आणि कमरेची चावी हिसकून घेतली. पेटी उघडली. धोंडजीनं एक पैसाही खाल्ला नव्हता; त्याला फक्त चावी सोडवत नव्हती. पण तोवर राजा बदलला होता, आणि पेटीतली जुन्या राजाची नाणी नवा राजा घेईना. पेटीभर नाणी असून गाव कंगाल झालं. धोंडजी त्यानंतर कुणाशी बोलला नाही आणि तसाच गेला.

भिवरा ही त्याचीच लेक. बापाच्या कमरेची चावी ओढली जात होती, तेव्हा ती दाराआड उभी होती. तिनं तिथंच मनाशी खूणगाठ बांधली, की या गावात पुन्हा कुणाच्या कमरेला चावी दिसता कामा नये.

पुढे तिनंच गावाला नवा पैसा दिला. त्या पैशाचं नाव गाठ. प्रत्येक घराच्या दाराला एक दोर टांगलेला. सांज झाली की सांजहाक व्हायची, सगळे आपापल्या दारात यायचे. ज्यानं ज्याला काही द्यायचं, तो ओरडून सांगायचा, "माझ्याकडून कोंडाजीला दोन गाठी!" की गावातलं प्रत्येक दार आपापल्या दोरावर तेवढ्या गाठी मारून ठेवायचं. गाठी मारायच्या त्या निरगाठी. निरगाठ म्हणजे जी एकदा बसली की नखं तुटली तरी सुटत नाही. एखाद्यानं लबाडीनं आपला दोर बदलला तरी उपयोग शून्य. निम्म्याहून जास्त दारांचे दोर जे सांगतील तेच खरं. ना पेटी, ना चावी, ना राजाचं नाणं. नावाडीसुद्धा दोरखेडच्या गाठी डोळे मिटून घेऊ लागले.

भिवरानं नियमही करून दिला होता, आणि तो पोराटोरांच्या तोंडी होता: 'दार तिथं दोर, दोर तिथं शब्द.' म्हणजे ज्या दाराला दोर, त्या दाराचं म्हणणं मोजायचं. आणि हा नियम बदलायचा झाला तर प्रत्येक दारानं 'हो' म्हणायला हवं. एक जरी 'नाही' आला तरी बैठक मोडली. या शेवटच्या अटीचा सगळ्यात जास्त उपयोग हैबतीतात्या करायचे. त्यांनी आयुष्यात कशालाही चटकन 'हो' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे ते. आणि सुंभ वळणाऱ्यांच्या गावात हे बोलणं त्यांच्या तोंडावरही व्हायचं.

सगळं छान चाललं होतं. मग माणकोजी शेठ आला.

माणकोजी बोलायला लोण्यासारखा. घाटावर उतरला, पहिल्याच दिवशी मुलांना गूळ वाटला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, आणि गावाच्या कडेची एक पडीक जागा विकत घेतली. म्हणाला, अंबाडी साठवायला कोठार बांधतो. गावाला वाटलं, बरंच झालं. आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस आवळा देतो तेव्हा किती गोड दिसतो!

काही दिवसांनी भिवरा त्या बाजूनं चालली होती. सुतार कामाला लागले होते. भिंती अजून उठल्या नव्हत्या, पण चौकटी उभ्या होत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. चौकटींना दारं बसत होती, आणि बसलेल्या प्रत्येक दाराला एकेक दोर टांगलेला होता. दारामागे काही नव्हतं. नुसतं गवत होतं आणि त्यात एक शेळी चरत होती.

भिवरा तशीच माणकोजीपुढं जाऊन उभी राहिली.

"शेठ, दारामागं घर कुठाय?" तिनं विचारलं.

माणकोजीनं हात जोडले. "आक्काबाई, तुमच्या नियमात घर आहे कुठे? दार तिथं दोर. मी दारं लावतोय. आपल्या शब्दाबाहेर नाही हो मी."

भिवराला आपली चूक कळली. नियम करताना तिच्या मनात घरच होतं. 'घर तिथं दोर' असंच म्हणायला हवं होतं. पण 'दार' आणि 'दोर' हे कानाला गोड लागलं, जिभेवर बसलं, आणि तिनं घराचं दार करून टाकलं. यमकाच्या मोहापायी माणसं गाणी बिघडवतात. भिवरानं गाव बिघडवलं होतं. माणकोजीची दारं गावाच्या दारांपेक्षा जास्त झाली की त्याचे दोर सांगतील तेच खरं. मग एका सांजेला तो हाक देईल, की दोरखेडच्या सगळ्या गाठी माणकोजीच्या. आणि ते खरं ठरेल. म्हातारपणाला साठवलेल्या, लेकीच्या लग्नाला साठवलेल्या, आजारपणाला साठवलेल्या सगळ्या गाठी एका हाकेत जातील.

त्याच सांजेला तिनं गाव गोळा केलं. तिनं सांगितलं आणि एकच गलका उडाला.

"दारं मोडून टाका त्याची!"

"आज त्याचं दार मोडलं, तर उद्या तुझं मोडायला कोन अडवील?" भिवरा म्हणाली.

"नियम बदला! दार काढा, घर घाला!"

सगळ्यांनी 'हो' म्हटलं. हैबतीतात्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तेही 'हो' म्हणाले. गावानं सुस्कारा सोडला. तेवढ्यात पलीकडून, त्या भिंत नसलेल्या दारांतून, माणकोजीच्या गड्यांचे आवाज आले. एका दारातून 'नाही', पुढच्या दारातून 'नाही', त्याच्या पुढच्या दारातून 'नाही'. त्या दारांनाही दोर होते. दोर तिथं शब्द. बैठक मोडली.

दुसऱ्या सांजेला पुन्हा बैठक, तिसऱ्या सांजेला पुन्हा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. कुणी म्हणे, आपणही खोटी दारं लावू. कुणी म्हणे, राजाकडे जाऊ. "कोन्च्या राजाकडं? ज्यानं आपली नानी बुडवली त्याच्याकडं?" दुसरा विचारी. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "गाव करी ते राव न करी!" त्यावर हैबतीतात्या खेकसले, "आरं, गाव करील तवा ना!" आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी माना भिवराकडे वळत. "आक्का, तू सांग."

आणि प्रत्येक वेळी भिवरा म्हणे, "मी कोन सांगनार? हितं कुनी मोठं न्हाई." आणि उठून घरी जाई. पलीकडे सुतारांचे हातोडे चालूच असत. गाव बोलत होतं आणि माणकोजी दारं लावत होता.

एका सकाळी ती एकटीच अंबाडीच्या वाखाला पीळ देत बसली होती. हैबतीतात्या आले आणि दोर वळायच्या रहाटापाशी बसले.

"काय तात्या?"

"भिवरा, तू लबाड हायेस."

ती चमकली. "मी?"

"तू म्हनतीस, हितं कुनी मोठं न्हाई. पर तू खोकलीस तरी गाव गप्प बसतं. दारांचा नियम कुनी केला? तू. तो मोडंल का टिकंल ते कुनाकडं बगून ठरतं? तुज्याकडं. म्हंजी पाटील हायेसच तू, फकस्त नाव लावत न्हाईस." त्यांनी पीळ बोटानं चाचपला. "नाव लावलेला पाटील काढता येतो गं. बिननावाचा कसा काढायचा?"

भिवराला राग आला. मग रडू आलं. मग तिनं खरं ते सांगून टाकलं. "तात्या, मला भ्या वाटतं. माझा बाबा वाईट नव्हता. तरी त्याला चावी सोडवली न्हाई. मला सोडवंल कशावरनं?"

हैबतीतात्या कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "मग सुटंल अशी बांध की."

भिवरा वाख तसाच हातात धरून बसली. दोर वळणाऱ्याच्या लेकीला हे आधी सुचू नये याचं तिला नवल वाटलं. निरगाठ सोडून जगात आणखी गाठी होत्याच. सुरगाठ होती. सुरगाठ ओझ्याला घट्ट धरून ठेवते, आणि मोकळं टोक एकदा ओढलं की सुर्रकन सुटते.

त्या सांजेला ती गावासमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच 'मी कोण' म्हणाली नाही.

"नियम बदलता येत न्हाई," ती म्हणाली, "माणकोजीची दारं बदलू देनार न्हाईत. पर नियमातनं उठून तर जाता येतं? आपन वेगळी चूल मांडू. आजपातूर दोर दाराला होता, हितनं फुडं चुलीला. ज्या चुलीवर रोज भाकरी होती, त्या चुलीपाशी एक दोर. दारं लावाया सुतार पुरतो. चुलीला रोज पेटवनारं आन् रोज जेवनारं मानूस लागतं."

गावात कुजबूज झाली.

"पर समद्यांनी एकाच सांजेला उठलं पायजे," भिवरा पुढे म्हणाली. "निम्मे दोर चुलीला आन् निम्मे दाराला ऱ्हायले, तर गावाचे दोन तुकडे. तोवर सांजहाक बंद. नवी गाठ न्हाई. दोर एकमेकांशी जुळवायचे, आन् जुळत न्हाईत तितं निवाडा मी करीन. उठायचा दिस मी सांगीन. एवढ्यापुरतं मला मोठं करा."

मग तिनं एक दोर घेतला, स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरगाठ मारली. मोकळं टोक हैबतीतात्यांच्या हातात दिलं. "हा दोर माझ्या कमरंला हाय तोवर माझा शब्द चालंल. दोर चुलीपाशी गेले की तुमी ओढायचं. त्याच्या आधी मी वेडंवाकडं वागले, तर आधी ओढायचं. सुटला की मी तुमच्यासारखीच."

हैबतीतात्यांनी तिथंच एकदा ओढून बघितलं. दोर सुर्रकन सुटून पायात पडला. गाव हसलं. भिवरानं पुन्हा बांधला.

मग फार अवघड दिवस आले. सांजहाक बंद, म्हणजे पैसाच बंद. घाटावर नावा थांबलेल्या, नावाडी शिव्या देत होते. ज्यांच्या घरात दाणे संपले त्यांना शेजारी उसने देत होते आणि कुरकुरत होते. भिवरा दारोदार हिंडून दोर जुळवत होती. जिथे गाठी जुळत नव्हत्या तिथे दोन्ही बाजूंचं ऐकून ती तिथल्या तिथे सांगायची, "ही गाठ खरी, ही खोटी." आणि लोक मान हलवायचे. ज्या भांडणांना पूर्वी चार चार बैठका लागत, ती उभ्या उभ्या मिटत होती. रात्री झोपताना ती कमरेचा दोर सोडून उशाशी ठेवायची आणि सकाळी आंघोळ झाली की बांधायची.

माणकोजीला सुगावा लागलाच. त्यानं सुतार वाढवले. आणि गूळ पुन्हा बाहेर काढला. कोंडाजीच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्याच्या घरी जाऊन शेठ म्हणाला, "तुझा दोर दारालाच राहू दे. माझी दारं निम्म्यावर गेली की तुझ्या गाठी दुप्पट." असं तो किती जणांना म्हणाला, ते कुणीच कुणाला सांगत नव्हतं. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दाराकडे बघत होता. एकाचा दोर दाराला राहिला तर दुसराही ठेवणार, आणि मग सगळाच डाव फसणार.

भिवरानं दिवस ठरवला. त्या दिवशी दुपारनंतर दारादारांवरचे दोर खाली उतरू लागले. पलीकडे माणकोजीची शेवटची काही दारं बसत होती. खिळ्यांचा आवाज थांबत नव्हता. ऊन कलू लागलं तसे गावाचे सगळे दोर घरात गेले. एक राहिला. कोंडाजी आपल्या दारात दोराला हात लावून उभा होता, ना काढत होता ना सोडत होता. आजूबाजूची माणसं पुन्हा बाहेर येऊन त्याच्याकडे बघू लागली. दोघांनी तर चुलीपाशी नेलेले दोर परत हातात घेतले.

भिवरा धावत गेली. तिला ओरडावंसं वाटलं. हुकूम करायचा हक्क तिला होता. पण कोंडाजीच्या डोळ्यांत तिला लबाडी दिसली नाही, भीती दिसली.

"आक्का," तो म्हणाला, "शेठ माजं वाटोळं करील ते मला कळतं. पर तुजा बाबा बी आधी चांगलाच होता न्हवं? तुज्या कमरंचा दोर सुटंल, ह्याची काय खात्री?"

हे बोलणं तिला सुरीसारखं लागलं. तिनं कमरेच्या गाठीचं मोकळं टोक त्याच्या हातात दिलं. "ओढ."

"आत्ता?"

"आत्ताच ओढ."

कोंडाजीनं ओढलं. दोर सुटून धुळीत पडला. तेवढ्या क्षणापुरता गावाला कुणीच मोठा नव्हता, आणि पलीकडे खिळे ठोकले जात होते. कोंडाजी त्या पडलेल्या दोराकडे बघत राहिला. मग खाली वाकला, तो उचलून भिवराच्या हातात दिला, आणि आपल्या दारावरचा दोर काढून आत गेला. भिवरानं घाईघाईनं दोर कमरेला गुंडाळला आणि गाठ मारली.

सांज झाली. माणकोजीचं शेवटचं दार बसलं. दारादारात त्याचा एकेक गडी उभा राहिला आणि सगळे एका सुरात ओरडले, "दोरखेडच्या सगळ्या गाठी माणकोजी शेठच्या!"

गावाच्या बाजूनं काहीच आवाज आला नाही. एकाही दाराला दोर नव्हता. फक्त घरोघरच्या छपरांतून धूर निघत होता, आणि चुलीपाशी बसलेली माणसं आपापल्या दोरांना हात लावून होती. घाटावरचा एक नावाडी उठला. त्यानं त्या ओरडणाऱ्या दारांकडे पाहिलं, मग धुराकडे पाहिलं. "माल वळनारी मानसं कुठायत, मला तेवढंच ठाव पायजे," तो म्हणाला, आणि गावाकडे चालू लागला. त्याच्यामागून बाकीचे नावाडी निघाले.

भिवरानं आपल्या दारातून ते पाहिलं आणि आत वळली. ती चुलीपाशीच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत रडत राहिली.

माणकोजीच्या दारांना मग कुणी विचारीना. मोजदाद त्याच्या बाजूनं होती, पण मोजायला माणूसच उरलं नव्हतं. तो काही दिवस घाटावर घुटमळला आणि निघून गेला. दारं तिथंच राहिली. त्या दारांतून शेळ्या ये-जा करू लागल्या.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं! भिवरालाही तसंच वाटत होतं.

सांजहाक पुन्हा सुरू झाली. दोर चुलीपाशी गेले होते. म्हणजे ठरल्याप्रमाणे कमरेचा दोर सुटायला हवा होता. पण गाव म्हणालं, "ऱ्हाऊ दे गं आक्का थोडं. तुझ्यामुळं सगळं कसं झटपट होतं." भिवरालाही तसं वाटलं. माणकोजी अजून घाटावर होता. तो गेला, तर काही तंटे बाकी होते. तंटे मिटले, तर नव्या अंबाडीची वाटणी आली. आणि आता खोटं कशाला सांगावं, तिला ते आवडू लागलं होतं. ती आली की माणसं उठून उभी राहायची. ती बोलली की काम व्हायचं. बोलता बोलता तिचा हात कमरेच्या दोरावर जायचा आणि तो नीट आहे ना, हे चाचपून बघायचा.

हैबतीतात्या रोज सांजेला यायचे. मोकळं टोक हातात घ्यायचे. तिच्या तोंडाकडे बघायचे.

"अजून थोडे दिस, तात्या," ती म्हणायची.

एका सांजेला ती तेच म्हणाली, आणि तात्यांनी टोक ओढलं.

दोर सुटला नाही. उलट अधिकच आवळला. भिवराला कमरेत कळ आली.

आजूबाजूची माणसं थांबली. तात्यांनी पुन्हा ओढलं. गाठ आणखी बसली.

"दोर भिजला असंल," भिवरा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

हैबतीतात्या वाकले. डोळे बारीक करून त्यांनी गाठ पाहिली. सरळ उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"भिवरा, ही निरगाठ हाय."

कोंडाजी पुढे आला होता, तो तिथंच थबकला. ज्या गाठीनं त्याला एकदा धीर दिला होता तिच्याकडे तो बघत राहिला. भिवरानं बोटं गाठीवर नेली. वळण चाचपलं. लहानपणापासून हजारो गाठी मारलेली ती बोटं, त्यांना अंधारातही चूक होत नसे. रोज सकाळी तिनं स्वतःच हा दोर बांधला होता, आणि हल्ली कितीतरी दिवस तर रात्री सोडलाही नव्हता. कोणत्या सकाळी बोटांनी वळण बदललं, ते तिला आठवेना. तिला आठवला तो दाराआडून दिसलेला बाप, आणि चावीवर घट्ट मिटलेली त्याची मूठ. त्यालाही बहुधा कळलं नव्हतं.

ती तात्यांकडे वळली. "तात्या, देवाशपथ, मी जानूनबुजून न्हाई बांधली. कवा बांधली, मलाच ठाव न्हाई."

"म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "जानून बांधली असतीस तर गावाभाईर काढली असती तुला. न कळता बांधलीस, म्हनून तर भ्या वाटतंय."

"कोयता आना. तोडून टाका."

"तोडायचा न्हाई. फुडं पुन्यांदा लागंल ह्यो." तात्या खाली बसले, दोर सोडवायची लाकडी सळई त्यांनी कनवटीतून काढली आणि गाठीत घातली. "हात वर कर."

भिवरानं दोन्ही हात वर केले. निरगाठ ती, सहजासहजी सुटणारी नव्हे. अंधार पडेपर्यंत तात्या एकेक पीळ सैल करत बसले. सगळं गाव भोवती उभं होतं आणि भिवरा झगा काढून घेणाऱ्या लेकरासारखी हात वर करून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात वर असल्यानं ते पुसताही येत नव्हतं. अखेर दोर सुटला. तिनं तो स्वतःच उचलला आणि घाटावरच्या खांबाला नेऊन टांगला.

काही वर्षांनी नदीला मोठा पूर आला. बैठका घ्यायला वेळ नव्हता. गावानं कोंडाजीला पुढे केलं. त्यानं खांबावरचा दोर काढला आणि कमरेला गुंडाळून गाठ मारू लागला. गर्दीतून भिवरा पुढे आली. केस आता पांढरे झाले होते, पण बोटं तशीच होती. तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"तू न्हाई बांधायची. हात वर कर."

कोंडाजीनं हात वर केले. भिवरानं वाकून सुरगाठ मारली, एकदा ओढून सोडवून दाखवली, पुन्हा बांधली, आणि मोकळं टोक हातात घेऊन म्हणाली, "हं. आता सांग, काय करायचं?"

तात्पर्य: नुसत्या नियमांवर गाव चालत नाही, वेळप्रसंगी कुणीतरी पुढे व्हावंच लागतं, पण पुढे होणाऱ्याच्या अधिकाराची गाठ त्यानं स्वतः बांधू नये, ज्यांना ती सोडायची आहे त्यांनीच ती बांधावी.